दत्तूच्या इंजिनाची चार मिनिटं

विमानाच्या चाकाच्या खळग्यात कोंबडी सापडली, ही माझी गोष्ट ज्याने ऐकलेली नाही असा माणूस चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये एकतर बहिरा आहे, नाहीतर परवाच भाड्याने राहायला आलाय. त्या परवाच्या भाडेकरूसाठी पुन्हा सांगतो.

चौतीस वर्षं मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानं दुरुस्त केली. एका सकाळी दक्षिणेकडून एक विमान आलं. मी नेहमीप्रमाणे त्याच्या पोटाखाली उताणा पडून, बॅटरी मारून चाकाचा खळगा बघतोय, तर आतून दोन डोळे माझ्याकडे बघतायत. कोंबडी. तीस हजार फूट उंची, उणे पन्नास अंश थंडी आणि ही बया बिनतिकीट मुंबईला पोचलेली. वर तिच्याखाली अंडं. मी ते कॅन्टीनच्या आचाऱ्याकडे नेलं. त्याने तव्याच्या कडेवर आपटलं, तर अंडं फुटलं नाही, तवा तडकला. कोंबडी पुढे दोन वर्षं हँगरमध्येच राहिली. इंजिन सुरू केलं की ती समोर येऊन उभी राहायची. मान डावीकडे वाकडी केली की डाव्या इंजिनात खोट, उजवीकडे केली की उजव्या. साहेब तिला कायम करणार होते, पण दरम्यान हँगरची वार्षिक पार्टी आली आणि एक चांगली इंजिनिअर वाया गेली.

लोक अजून म्हणतात, मनोहरकाका, ती कोंबडीची सांगा ना. मी विषय बदलतो. गेली बरीच वर्षं मी ती सांगितलेली नाही. आज वर लिहिली ती शेवटची. का, ते पुढे येईलच.

आधी धंदा सांगतो. लोकांना वाटतं विमान म्हणजे पंख आणि इंजिन. आमच्या लेखी विमान म्हणजे भोकं. हवा आत घ्यायचं भोक, बाहेर टाकायचं भोक, वेग मोजायच्या नळीचं भोक, टाकीने श्वास घ्यायचं भोक. विमान जमिनीवर उभं राहिलं की तासाभरात कुंभारमाशी येते, मातीचा गोळा घेऊन एखाद्या नळीत घरकुल बांधते आणि निघून जाते. म्हणून प्रत्येक भोकाला टोपण, टोपणाला लांब लाल फीत. उडायच्या आधी टोपणं काढायची, मोजायची आणि मग एकेका भोकातून हवा जाते की नाही ते बघायचं. दुसरा नियम त्याहून मोठा. ज्याने काम केलं, त्याने ते तपासायचं नाही. तपासणारा वेगळा. कारण आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, ती दुसऱ्याच्याच डोळ्यांना दिसते.

आता टाकीला श्वास कशाला लागतो? तेलाचा पत्र्याचा डबा घरी आणला की तुम्ही त्याला एक भोक पाडता की दोन? एकच पाडलं तर तेल थोडं येतं आणि अडतं. दुसऱ्या भोकातून हवा आत गेली तर पहिल्यातून तेल बाहेर येणार. विमानाची टाकी म्हणजे तोच डबा. तिच्या झाकणावर करंगळीहून बारीक, पुढे वाकवलेली एक नळी असते. ती बुजली तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिन तहानेने मरतं. इतकंच लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दत्ताराम माझा मित्र. मी त्याला दत्तू म्हणायचो, तो मला मन्या. माणूस सावंतवाडीकडचा, उंचीने बेताचा, आणि हाताने असा की त्याने लेथवर फिरवलेल्या रॉडवर माशी बसली तर घसरून पडायची. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा होता. तिथे तो बाटल्यांच्या बुचांचे साचे बनवायचा. तुम्ही आयुष्यात जेवढ्या बाटल्या उघडल्यात, त्यांतल्या निम्म्यांची बुचं दत्तूच्या साच्यातली, हे मी छातीठोकपणे सांगतो. तपासायला कोण जातंय.

एक दिवस तो नकाशांची गुंडाळी घेऊन माझ्या घरी आला.

"मन्या, विमान बांधूचा आसा."

"कशाचं? थर्माकोलचं?"

"बसून उडूचा. एका माणसाचा."

"डोकं फिरलंय तुझं."

"ता आधीपासूनच फिरलेला. तू तपासशील काय, ता सांग. मी बांधीन, तू तपास."

नियम त्याला ठाऊक होता. मी हो म्हणालो. त्या 'हो'ला अकरा वर्षं लागली.

अकरा वर्षं त्या गाळ्यात एका बाजूला बुचांचे साचे आणि दुसऱ्या बाजूला विमान. पंख एवढे लांब की ते बसवले तर गाळ्याचं शटर बंद होईना, म्हणून पंख शेजारच्या पापडवाल्याच्या भिंतीला टेकवलेले. पन्नाशी उलटल्यावर दत्तू फ्लाइंग क्लबात जाऊन उडायला शिकला. त्याच्या वयाच्या निम्मी पोरं त्याला अंकल म्हणायची, आणि उतरताना अंकलची चाकं टेकली की टेकली नाहीत तेच कळायचं नाही. परवानग्यांचे कागद तर एवढे झाले की ते जोडूनच दुसरं विमान झालं असतं.

आणि इंजिन. त्याने एका छोट्या मोटारीचं जुनं इंजिन उचललं आणि ते मुळापासून पुन्हा घडवलं. विकतचं तयार इंजिन घे, असं मी शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, "पंख नकाशावरसून केलंय, नकाशो दुसऱ्याचो. माझा म्हणान काय आसा तर ता इंजिन." ते पहिल्यांदा स्टँडवर चढवून चालवलं, तेव्हा मी त्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला होता. पाणी हललं नाही. आता खरं सांगतो, थोडं हललं. पण चहाच्या कपात फुंकर मारल्यावर हलतं तेवढंच.

या सगळ्यात एकच माणूस विरोधात होता, सुनंदावहिनी, त्याची बायको. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "ता इमान गाळ्यात आसा तोपर्यंत मी गाळ्यात पाय ठेवचंय नाय." आणि ठेवला नाही. अकरा वर्षं दत्तूचा डबा गाळ्याच्या दारापर्यंत यायचा, वहिनी आत यायच्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "भावजी, तुमी शाने. तुमी तरी तेका सांगा." मी म्हणायचो, "वहिनी, मी शहाणा असतो तर इथे कशाला असतो."

विमान पूर्ण झालं ते दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला इस्टेटमधल्या सगळ्या गाळ्यांत यंत्रांची पूजा असते. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला हळदकुंकू, वेल्डिंगच्या सेटपुढे नारळ. त्या दिवशी आम्ही विमानालाही माळ घातली. आणि अकरा वाजता दारात वहिनी. हातात ताट, त्यात निरांजन, ओलं कुंकू आणि त्यात कालवलेल्या अक्षता. उंबऱ्याशी थांबल्या, दत्तूकडे बघितलं आणि आत आल्या.

दत्तूने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"उडूचाच आसा तर माझ्या हातान ववाळलेला उडांदे," वहिनी म्हणाल्या.

मला तर गहिवरून आलं, आणि गहिवरलो की मी आगाऊपणा करतो. फोन काढला आणि म्हणालो, "थांबा वहिनी, फोटो घेतो. ही लाल बुचं आधी काढतो, विमानाला गोवर आल्यासारखं दिसतंय." ती टोपणं दत्तूने स्वतःच्या साच्यात ओतलेली, लाल, प्रत्येकाला फीत. आठ होती. आठही काढून मी खिशात टाकली. वहिनींनी विमानाला ओवाळलं, नाकाडावर कुंकवाचं बोट ओढलं आणि मूठभर अक्षता पुढून टाकल्या. तीन फोटो झाले. मग मी आठही बुचं मोजून जिथल्या तिथे बसवली. टोपणाच्या बाबतीत मी फार काटेकोर माणूस.

पुढच्या महिन्यात पंख सोडवून विमान ट्रकने घाटावर नेलं. मुंबईच्या आकाशात असली खेळणी उडवू देत नाहीत. तिकडे एका गावाबाहेर जुनी धावपट्टी होती. वहिनी आल्या नाहीत. म्हणाल्या, "मी देवाकडे बसतंय. उतरलास काय फोन कर." दत्तूने पंख बसवले, नटबोल्ट आवळले. मग त्याने तपासणीची यादी माझ्या हातात दिली. एकवीस कलमं. पहिल्या उड्डाणाला वजन कमी हवं म्हणून टाकी अर्धीच भरलेली.

विमान बघायला अर्धा गाव जमला होता. धोतरं, टोप्या, कडेवरची पोरं. एकाने विचारलं, "काका, तुम्ही मोठ्या विमानांत होता म्हणे?" झालं. प्रेक्षक दिसला की माझी जीभ सुटते. एका हातात यादी, दुसऱ्या हातात पेन, आणि तोंडाने कोंबडी. टोपणं काढली, मोजली, आठ भरली. चाकं बघितली, खूण. वायरी बघितल्या, खूण. नववं कलम होतं, टाकीची हवेची नळी. तिला रबरी नळी लावून फुंकायचं असतं. आत पेट्रोलवर गुडगुड ऐकू आलं की नळी मोकळी. अर्ध्या मिनिटाचं काम. पण फुंकायचं तर तोंड रिकामं हवं, आणि माझ्या तोंडात त्या वेळी तवा तडकत होता. लोक खळखळून हसले. मी खूण केली आणि दहाव्या कलमावर गेलो.

दत्तूने यादी घेतली, खाली माझी सही बघितली आणि घडी घालून खिशात ठेवली. त्याने स्वतः काही तपासलं नाही. नियमच तसा होता.

इंजिन दोन मिनिटं जमिनीवर चाललं. मग ते छोटं पांढरं विमान धावलं, आणि एका जागी त्याच्या चाकांखाली उजेड दिसला. मी आयुष्यात हजारो विमानं उडताना बघितली. ओरडलो ते एकदाच. दत्तू सरळ चढत गेला, मग सावकाश डावीकडे वळला. गावातली पोरं शेतातून त्याच्या सावलीमागे धावत होती. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. मी घड्याळ धरून होतो.

चौथ्या मिनिटाला आवाज बारीक झाला. बिघडलेल्या इंजिनाचा आवाज वेगळा असतो, ते खोकतं, आदळतं, धूर टाकतं. हे तसं नव्हतं. कुणीतरी हळूच नळ बंद करत यावा तसं ते बारीक होत गेलं. एकदा उचकी लागली. मग काहीच नाही. वाऱ्याचा आवाज तेवढा.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडत नाही. नाक खाली धरलं तर ते घसरगुंडीसारखं येतं. मरतात ते धावपट्टीकडे मागे वळायला जाणारे, कारण वळताना वेग जातो. "मागे वळायचं नाही, समोर जे असेल ते घ्यायचं," हे मी दत्तूला एवढ्या वेळा सांगितलं होतं की तो झोपेतही बोलायचा, असं वहिनी सांगायच्या. तो वळला नाही. समोर बाजरी काढलेलं मोकळं रान होतं, त्याने ते धरलं. सरळ, शांत, माप घेऊन आल्यासारखा येत होता. शेवटच्या क्षणी त्याने पंख किंचित तिरपा केला आणि पलीकडच्या शेतात गेला. का, ते मला लांबून कळलं नाही. त्या शेताच्या मध्यावर बांध होता.

मी साठीचा माणूस. ते अंतर मी कसं धावलो, याची एरवी मी तुम्हाला मोठी गोष्ट करून सांगितली असती.

विमान पोटावर बसलं होतं. चाकं बांधाशी तुटून पडलेली, पंख शाबूत. दत्तू सीटवर ताठ, पट्ट्यात.

"मन्या, ती म्हातारी बरी आसा ना?"

"कोण म्हातारी?"

"पयल्या रानात शेळ्यो घेऊन होती."

मी मागे बघितलं. पहिल्या शेतात एक बाई डोक्याला हात लावून उभी होती, आणि तिच्या शेळ्या बाजरीची खुंटं खात होत्या.

"बरी आहे. तू हलू नकोस."

"हलूचा खय? माका माझे पाय कळनत नाय."

गावकरी कुणाच्या तरी घरची बाज आणायला पळाले. मी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि टाकीचं झाकण फिरवलं. ते निघेना. दोन्ही हातांनी पीळ दिला, तेव्हा ते सुटलं, आणि आवाज आला. फुस्स. हवा आत ओढली गेल्याचा आवाज. टाकी कधीपासून श्वास कोंडून बसली होती आणि आता तिने तो घेतला. आत निम्मी टाकी पेट्रोल हलत होतं.

मला त्या एका आवाजात सगळं कळलं. मी झाकण परत लावलं, खिशातून लाल बूच काढलं आणि नळीवर बसवलं. हात आपोआप चालले. निदान मी स्वतःला तसं सांगत आलोय.

चार दिवसांनी विमान आणायला ट्रक घेऊन गेलो, तेव्हा एकटाच असताना ते बूच काढलं. नट बांधायच्या बारीक तारेचा आकडा करून नळीच्या वाकणात घातला. आधी कुंकवाची वाळलेली खपली आली. तिच्यात तीन अक्षता, सिमेंटमध्ये खडी बसावी तशा. मी त्या तपकिरीच्या डबीत ठेवल्या. चौकशीच्या कागदावर मी लिहिलं, इंजिनापर्यंत इंधन पोचलं नाही, कारण सांगता येत नाही.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात दत्तूचं कण्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, कमरेखालचं विसरा. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी खाटेशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, एवढ्या वरसून पडले आणि जित्ते आसत. माझ्यो अक्षता होत्यो म्हणान वाचले."

आणि दत्तू म्हणाला, "मन्या, काय चुकला?"

डबी माझ्या पँटच्या खिशात होती. एका बाजूला वहिनी, एका बाजूला तो. मी जन्मभर खोटं बोलत आलो, पण गमतीचं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला खोटं बोलायला शब्द सापडेना.

"इंजिनच दगा देऊन गेलं रे," मी म्हणालो. "होतं असं."

त्याने दोन्ही हात चादरीवर उताणे ठेवले. मग म्हणाला, "माझ्या हातानं केलेला."

वहिनींना वाचवायला बोललो, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे नववं कलम आणि त्याखालची माझी सही. वहिनींच्या पदराआड लपलो मी.

घरी आल्यावर दत्तूने इंजिन गाळ्यात टेबलावर चढवून घेतलं आणि व्हीलचेअरवर बसून ते उघडायला सुरुवात केली. त्याला त्याची चूक हवी होती. एकेक भाग काढायचा, पुसायचा, मायक्रोमीटर लावायचा, वहीतल्या मापाशी ताडून बघायचा आणि बुचांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठी बांधून ठेवायचा. संध्याकाळी मला फोन.

"मन्या, पिस्टन दोन. बरो आसा."

"बरं."

"उद्या तीन बगतंय."

असं सव्वादोन वर्षं. एक स्क्रू त्याने सोडला नाही. मी रोज फोन उचलायचो आणि रोज ठरवायचो की आज सांगायचं. एकदा डबी घेऊन गाळ्यापर्यंत गेलो. तो भिंग लावून एक व्हॉल्व्ह बघत होता. मला बघून हसला आणि म्हणाला, "कोंबडी आणूक होई होती रे तुझी. मान वाकडी करून सांगल्यान असता." मी तसाच परत आलो. त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या तोंडी आली नाही.

त्याला मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. कमरेखाली जाणीव गेलेल्यांना तो होतो. शेवटच्या खेपेला हॉस्पिटलात गेला त्याच्या आदल्या दिवशी फोन आला.

"मन्या, सगळा झाला. सगळा बरा आसा. मगे चुकला काय?"

"असतं एखादं. सापडत नाही."

"ह्म्म," तो म्हणाला. "जेवलस?"

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. एक दिवस सकाळी वहिनींचा फोन. "भावजी, गाळो खाली करतंय. भंगारवालो येतलो. ते इंजिनाचे खोके देऊ काय तेका?"

मी म्हणालो, थांबा. चप्पल घातली की नाही आठवत नाही. गेलो तर वहिनी गाळ्यात स्टुलावर बसलेल्या आणि भिंतीला एकावर एक एकशे बारा खोकी. प्रत्येकावर दत्तूच्या अक्षरातली चिठ्ठी. भागाचं नाव, माप, आणि खाली कुठे बरो, कुठे बरी, कुठे बरा.

मी डबी काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि सगळं सांगितलं. फोटो, बुचं, नववं कलम, टाकीचा आवाज, हॉस्पिटल. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. मी जन्मात असं कधी बोललो नव्हतो, आणि आवाज माझाच का, अशी मला शंका येत होती. शेवटी म्हणालो, "आणि ती कोंबडी पण खोटी, वहिनी. त्या खळग्यात दोन पिसं होती फक्त. बाकी सगळं मी घातलेलं."

वहिनींनी डबी उघडली. अक्षता बोटाने हलवून बघितल्या. "ह्यो गावच्या तांदळाच्यो. माझ्योच," म्हणाल्या. मी वाट बघत होतो. त्या रडतील, मला हाकलतील, स्वतःला दोष देतील, याचीच मला इतकी वर्षं भीती होती.

त्यांनी विचारलं, "म्हणजे इंजिन बरा होता?"

"एकदम."

"तेचा काय चुकूक नव्हता?"

"काही नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं."

"मगे ता तेका सांगूक होया होता, भावजी." आवाज चढला नाही. "माका काय वाटात ह्येचो इचार तुमी कित्या केलास? मी काय ता सोसलं नसतंय? पाय गेले ता सोसलंय, तो गेलो ता सोसलंय. दोन वर्सा तो हय बसान सोताक खाय होतो, ता तुमका दिसत होता."

दिसत होतं. रोज दिसत होतं.

त्या उठल्या, डबी पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "भंगारवाल्याक नको सांगतंय. तुमी ता जोडा."

चार महिने लागले. मला सांधेदुखी, डोळ्यांना चष्मा, पण दत्तूच्या चिठ्ठ्या होत्या. कोणता भाग कुठला, कोणत्या नटला किती पीळ, सगळं लिहिलेलं. मुंबईत एवढं सोपं काम मला कुणी दिलं नव्हतं आणि एवढं अवघडही. रोज दुपारी वहिनी डबा घेऊन यायच्या. आता आत यायच्या, स्टुलावर बसून बघायच्या. मी जोडत असे आणि एकेक नट आवळला की त्या चिठ्ठी वाचून दाखवायच्या आणि मी सांगितलेला आकडा बरोबर का ते बघायच्या. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

इंजिन स्टँडवर चढवलं, वर आकड्याला तीच टाकी टांगली, दुरुस्त करून. शटर वर केलं. पापडवाला कानात बोटं घालून बाहेर येऊन उभा राहिला.

"नळी फुकलास?" वहिनींनी विचारलं.

"सकाळीच फुंकली."

"माझ्यासमोर फुका."

मी रबरी नळी लावून फुंकलं. टाकीत गुडगुड झालं. वहिनी कान टाकीला लावून होत्या. त्यांनी मान हलवली, तेव्हा मी चावी फिरवली.

पहिल्या खेपेला लागलं. पेला ठेवायचं मला सुचलं नाही, पण त्याची गरजही नव्हती. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. दोन मिनिटं झाली. तीन झाली. चौथं सुरू झालं तेव्हा त्यांनी हात पुढे करून स्टँडचा पाइप धरला, लहान पोर रस्ता ओलांडताना धरावं तसा. चौथं मिनिट गेलं. आवाज बारीक झाला नाही. त्यांनी भिंतीवरच्या दत्तूच्या फोटोकडे मान वर केली आणि इंजिनावरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आयकलास? बरा आसा ता."

दहा मिनिटांनी मी बंद करायला हात नेला.

"बंद करू नकात. ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या.

टाकी संपेपर्यंत ते चाललं. सत्तावीस मिनिटं. ह्यात मी एकही मिनिट वाढवलेलं नाही.